सहा टनांचा ठसा : एका वेब्ली रिव्हॉल्व्हरची ओळख पटवताना

माझ्याकडचे वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर विकत घेतल्यापासून त्यातून पहिली गोळी झाडेपर्यंत अकरा महिने गेले. त्यांपैकी चार महिने परवान्याच्या नोंदींत आणि कागदपत्रांत गेले, त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. उरलेले सात महिने मी त्या शस्त्राच्या अंगावर आजवर काय काय घडून गेले आहे हे समजून घेण्यात घालवले, आणि मला लिहायचे आहे ते त्या सात महिन्यांविषयी.

वेब्लीची मला फार वर्षांपासून ओढ होती. बर्मिंगहॅमच्या या कंपनीची रिव्हॉल्व्हरे १८८७ पासून ब्रिटिश सैन्यात होती आणि १९१५ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, मार्क ६ हा नमुना स्वीकारला गेला. आधीच्या मार्क ५ ची पक्ष्याच्या डोक्यासारखी गोलसर मूठ जाऊन तिथे चौकोनी बुंध्याची मूठ आली, नळी सहा इंचांची झाली आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, स्क्रूने बसवलेली, म्हणजे झिजली किंवा वाकली तर बदलता येण्याजोगी, अशी करण्यात आली. मला मोह होता तो मात्र या सगळ्यापेक्षा त्याच्या उघडण्याच्या रीतीचा. अंगठ्याने डावीकडचा खटका दाबला की घोड्यासमोरची रिकिबीच्या आकाराची कडी मागे सरते, नळी बिजागरीवर खाली झुकते, आणि काडतुसे भरायच्या फिरत्या सिलिंडरच्या मधोमध बसलेली पोलादी चांदणी वर येऊन सहाही पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचे, एकदम बाहेर टाकते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घडवलेला तो सांधा आजही तेल लावलेल्या दाराच्या बिजागरीसारखा फिरतो, हे हातात घेतल्याशिवाय खरे वाटत नाही.

हे रिव्हॉल्व्हर एका दिवंगत संग्राहकाच्या घरातून एका मध्यस्थ विक्रेत्यामार्फत माझ्याकडे आले. विक्रीच्या वर्णनात ‘पूर्णपणे मूळ स्थितीत’ असे शब्द होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला. चौकटीवर १९१७ हे साल स्वच्छ दिसत होते, रंग समान उतरलेला होता, म्हणजे कोणी पॉलिश करून नव्याने निळा रंग चढवलेला नव्हता, आणि चौकट, नळी व सिलिंडर या तिन्हींवरचे क्रमांक जुळत होते. जुन्या शस्त्रांच्या बाजारात जुळत्या क्रमांकांना फार महत्त्व आहे आणि ते योग्यच आहे, पण ते जुळले म्हणून बाकीची तपासणी मनातल्या मनात पूर्ण झाल्याचे धरून चालण्याची चूक मी त्या दिवशी केली.

ठसे वाचण्याचे काम मी नेहमी रात्री करतो. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च अगदी आडवी धरली की पोलादातल्या उथळ खुणांनाही सावली पडते. दिवसाच्या उजेडात जी जागा नुसती खरवडलेली वाटते तिथे अक्षरे उभी राहतात. खडूची पूड बोटाने हलकेच चोळली तर तीही खाचेत बसून ठसा उठवते. दात घासण्याची पेस्ट, वाळूचा कागद किंवा गंज काढण्याची रसायने यांना मात्र मी या कामात हात लावू देत नाही, कारण ठशाची धार एकदा गोल झाली की ती परत येत नाही. त्या रात्री मला प्रथम ब्रिटिश युद्धखात्याचा रुंद बाण सापडला, मग मुकुटाखालच्या तपासनिसांच्या बारीक खुणा, आणि थोड्या अंतरावर टोकाला टोक लावलेले दोन बाण. एकमेकांकडे तोंड केलेले हे दोन बाण म्हणजे शस्त्र सैन्याच्या यादीतून काढून विकून टाकल्याची खूण. म्हणजे हे रिव्हॉल्व्हर युद्धखात्याने रीतसर सोडून दिलेले होते.

त्याहून महत्त्वाचा ठसा नळीवर होता. ब्रिटनमध्ये सैन्यातून निघालेले शस्त्र खासगी बाजारात विकण्याआधी ते प्रूफ हाऊसकडे, म्हणजे अधिकृत चाचणीगृहाकडे, पाठवावे लागे. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून शस्त्र टिकते का ते पाहिले जाई आणि मग त्यावर ठसा बसे. माझ्या नळीवर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची मुकुटासह असलेली खूण होती, शेजारी काडतुसाचे माप सांगणारा .४५५ हा आकडा, पुंगळीची लांबी आणि ‘६ टन’. हे सहा टन म्हणजे एका चौरस इंचावरचा दाब. ब्रिटिश टन २२४० पौंडांचा, त्यामुळे हा आकडा १३,४४० पौंड होतो. तो मी वहीत लिहून ठेवला, तेव्हा त्याचा इतका उपयोग होईल असे वाटले नव्हते.

नोंदींच्या बाबतीत वेब्ली आणि अमेरिकी शस्त्रे यांच्यात जो फरक आहे तो इथे सांगतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला स्वतःच्या कारखान्यांतून पुरेशी रिव्हॉल्व्हरे मिळेनात, म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्याकडूनही .४५५ ची रिव्हॉल्व्हरे मागवली गेली. त्यांतले एक स्मिथ अँड वेसन माझ्याकडे आहे. अमेरिकेत या कारखान्यांच्या जुन्या वह्या जपलेल्या आहेत आणि शुल्क भरून क्रमांक कळवला की शस्त्र कोणत्या तारखेला, कोणाकडे, कशा स्वरूपात रवाना झाले याचे पत्र मिळते. ते पत्र हातात आले तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. वेब्लीच्या बाबतीत मात्र मला शस्त्रालाच विचारावे लागले. मुठीच्या काळ्या पट्ट्या काढल्यावर उजव्या पट्टीच्या आतल्या बाजूला टोकदार वस्तूने कोरलेली दोन अक्षरे दिसली, आर आणि एच. ती कोणाची हे शोधण्याचा मी प्रयत्न केला, पण केवळ दोन अक्षरांवरून एखाद्या माणसाचे नाव ठरवणे हा त्या माणसावर अन्याय आहे असे वाटून मी थांबलो. त्यांचे छायाचित्र काढून पट्टी पुन्हा होती तशी बसवली.

खरी गोष्ट उघड झाली ती दुसऱ्या आठवड्यात. मी .४५५ ची एक रिकामी, टोपी (घोडा आपटताच पेटून दारू पेटवणारी बुडातली लहान वाटी) नसलेली पुंगळी सिलिंडरच्या एका घरात, म्हणजे काडतूस बसण्याच्या भोकात, टाकून रिव्हॉल्व्हर बंद केले आणि नळी वर करून हलवले. आतून खडखड असा आवाज आला. पुंगळी मागे-पुढे सरकत होती. .४५५ च्या पुंगळीची कड मुळातच पातळ असते, म्हणून मी आधी तिला दोष दिला. मग फीलर गेजची, म्हणजे फट मोजण्याच्या साधनाची, ठरावीक जाडीची पाती आत सरकवून पाहिली, आणि सिलिंडरची मागची बाजू व चौकटीची मागची भिंत यांच्यातली फट मूळ मापापेक्षा कितीतरी जास्त निघाली. भिंग लावून पाहिल्यावर सिलिंडरच्या मागच्या तोंडावर लेथची बारीक वर्तुळे दिसली. चांदणीच्या पाकळ्याही तितक्याच कापलेल्या होत्या. कोणीतरी सिलिंडर मागून छाटले होते.

हे का केले जाई याचे उत्तर माहीत होते, पण ते आपल्या वस्तूत दिसणे ही वेगळी गोष्ट असते. दुसऱ्या महायुद्धानंतर वेब्लीची रिव्हॉल्व्हरे मोठ्या संख्येने अमेरिकेत विकली गेली. तिथे .४५५ ची काडतुसे दुर्मीळ होती, तर .४५ एसीपी हे सैनिकी पिस्तुलाचे काडतूस हवे तितके मिळे. एसीपीच्या पुंगळीला बाहेर आलेली कड नसते, त्यामुळे ते रिव्हॉल्व्हरच्या घरात अडकून राहत नाही आणि चांदणीही त्याला बाहेर काढू शकत नाही. यावरचा उपाय पहिल्या महायुद्धात १९१७ च्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरसाठी आधीच निघालेला होता : तीन-तीन काडतुसे धरणारी अर्धचंद्राकृती पोलादी क्लिप. त्या क्लिपच्या जाडीला जागा व्हावी म्हणून वेब्लीचे सिलिंडर मागून छाटत. चाचणीच्या ठशात .४५५ लिहिलेले आहे, म्हणजे बर्मिंगहॅममध्ये चाचणी झाली तेव्हा सिलिंडर अखंड होते आणि छाटणी त्यानंतरची आहे, इतके नक्की ठरले.

अडचण दाबाची होती. अमेरिकी मानकानुसार .४५ एसीपीचा कमाल दाब चौरस इंचाला २१,००० पौंड आहे. दाब मोजण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती वेगळ्या असल्याने दोन आकड्यांची तुलना काटेकोर होत नाही, परंतु ६ टन आणि २१,००० पौंड यांच्यातली दरी पद्धतीच्या फरकाने भरून निघण्यासारखी नाही. क्लिप बसते, घोडा पडतो, बार उडतो आणि रिव्हॉल्व्हर फुटत नाही, म्हणून ते काडतूस त्याला मानवते असा समज अनेकांचा होता आणि आजही आहे. या समजाविरुद्ध मी प्रत्येक नव्या संग्राहकाशी भांडतो. दर बाराला कडी किंचित ताणली जाते, बिजागरीचा खिळा किंचित दबतो, आणि हे सगळे डोळ्यांना दिसण्याइतके होईपर्यंत उशीर झालेला असतो.

विक्रेत्याला मी कळवले. वर्णन कुटुंबाने दिलेल्या माहितीवरून लिहिले, एवढेच उत्तर आले. छाटलेल्या सिलिंडरमुळे संग्राहकाच्या दृष्टीने वस्तूची किंमत बरीच उतरते आणि परत करण्याचा विचार माझ्या मनात आला होता. मूळ मापाचे सुटे सिलिंडर शोधून बसवावे असे दोन स्नेह्यांनी सुचवले. मला ते पटले नाही. दुसऱ्या रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर बसवले असते तर जुळते क्रमांक गेले असतेच, शिवाय या वस्तूच्या आयुष्यातला एक खरा कालखंड पुसला गेला असता. मी ते ठेवून घेतले.

मग ते घेऊन मी एका वृद्ध गनस्मिथांकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे, गेलो. त्यांनी आधी काहीही न बोलता रिव्हॉल्व्हर बंद केले, नळी एका हातात आणि मूठ दुसऱ्या हातात धरून वर-खाली दाबली, आणि कान जवळ नेला. कडीत अगदी सूक्ष्म हालचाल होती. चाप मागे धरून ठेवला असता सिलिंडर सहाही घरांना घट्ट बसत होते. वेब्लीचे सिलिंडर चाप मागे असतानाच पक्के धरले जाते, त्यामुळे नुसते हलवून पाहिले तर ते सैल वाटते आणि अनेक जण घाबरतात. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट ०.२० मिलिमीटर भरली. “याला कोणीतरी जड काडतुसांनी बरंच दमवलंय,” ते म्हणाले, “पण मोडलेलं काही नाही. तुम्ही आता हलकी काडतुसं वापरा आणि दर पन्नास बारांनी ही फट मोजत जा.”

नळीचे माप घेण्यात मात्र आमची एक संपूर्ण दुपार गेली, आणि मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते त्याच दुपारी. नळीला तेल लावून मऊ शिशाची एक गोळी तिच्या तोंडातून लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत पलीकडे काढायची आणि तिच्यावर उमटलेला नळीचा साचा मोजायचा, ही पद्धत साधी आहे. पण वेब्लीच्या नळीत पीळदार चऱ्या सात असतात. संख्या विषम असल्याने शिशावरच्या एका उंचवट्यासमोर बरोबर खोलगट भाग येतो आणि नेहमीचे कॅलिपर दोन उंचवट्यांवर एकाच वेळी टेकतच नाही. मी तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. शेवटी त्यांनी ०.०५ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी शिशाभोवती घट्ट गुंडाळली, म्हणजे सातही उंचवट्यांवरून एक गोल कवच तयार झाले, त्याचा व्यास मोजला आणि त्यातून पट्टीची दुप्पट जाडी वजा केली. नळीचे माप ११.५३ मिलिमीटर निघाले. सिलिंडरमधल्या घरांच्या पुढच्या तोंडांचे माप मात्र ११.४० भरले.

याचा अर्थ असा की गोळी सिलिंडरमधून बाहेर पडताना आवळली जाते आणि नंतर स्वतःपेक्षा रुंद नळीत शिरते. कडक शिशाची किंवा तांब्याच्या आवरणाची गोळी तिथे सैल राहणार, वायू तिच्या बाजूने पुढे निसटणार आणि नेम विस्कटणार. ब्रिटिशांच्या मूळ काडतुसात २६५ ग्रेनची, म्हणजे साधारण १७ ग्रॅमची, मऊ शिशाची गोळी होती आणि तिचे बूड आतून पोकळ होते, यामागचे कारण मला त्या टेबलाशी बसून कळले. बार उडताच वायूच्या दाबाने ते पोकळ बूड फुलते आणि नळीच्या चऱ्यांत घट्ट बसते. कागदावर मी हे दहा वेळा वाचले होते. त्या दिवशी ते ०.१३ मिलिमीटरच्या फरकातून दिसले.

नळीच्या सुरुवातीच्या भागात बारीक खड्डे होते, त्याचेही कारण तिथेच स्पष्ट झाले. जुन्या काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर जो क्षार मागे राहतो तो मिठासारखाच हवेतला ओलावा ओढून घेतो आणि पोलाद खातो. तेलाने तो विरघळत नाही. म्हणून त्या काळी सैनिकांना नळीत आधी गरम पाणी ओतायला शिकवत. कोणत्यातरी एका संध्याकाळी कोणीतरी ते पाणी ओतले नसावे.

काडतुसांसाठी मी .४५ ऑटो रिम या पुंगळ्या निवडल्या. अमेरिकेत १९२० साली पीटर्स कंपनीने त्या १९१७ च्या रिव्हॉल्व्हरसाठीच काढल्या : लांबी एसीपीची, पण मागे जाड कड, म्हणजे क्लिपची गरज नाही. छाटलेल्या सिलिंडरमधली रिकामी जागा ती कड भरून काढते आणि पुंगळी आत हलत नाही. त्यांत पोकळ बुडाची मऊ गोळी आणि जुन्या .४५५ च्या बेताने ठेवलेली हलकी दारू भरली. प्रत्येक भरणा वजन करून, आणि दर दहा काडतुसांनंतर काटा पुन्हा तपासून. या कामात घाई करणाऱ्याला मी माझ्या टेबलाजवळ बसू देत नाही.

पहिले सहा बार मी हातात धरून उडवले नाहीत. रेंजवर रिव्हॉल्व्हर लोखंडी बैठकीत आवळले, चापाला दोरी बांधली आणि आडोशाला उभे राहून ओढली. प्रत्येक बारानंतर पुंगळी काढून टोपी पाहिली. टोप्यांच्या कडा गोल राहिल्या होत्या, कुठेही चपट्या झाल्या नव्हत्या, आणि पुंगळ्या बोटाने ढकलताच निघत होत्या. वेगमापकाने सेकंदाला १८६ मीटरच्या आसपासचे आकडे दाखवले. मूळ काडतुसाचा वेग सेकंदाला सुमारे १८० मीटर होता, म्हणजे आम्ही योग्य जागी होतो. फट पुन्हा मोजली : ०.२०.

त्यानंतर ते हातात घेतले. पंधरा मीटरवर कागद, दोन्ही हातांची पकड, अंगठ्याने घोडा चढवलेला. अकराशे ग्रॅमच्या आसपासचे ते वजन नळीला स्थिर ठेवते आणि खाचेत माशी निवांत बसते. बाराचा आवाज मला वाटले होते त्याहून खोल होता, आणि धक्का टोचणारा नव्हता; कोणीतरी तळहात धरून मागे ढकलावे तसा तो आला. सहा गोळ्या तळहाताएवढ्या जागेत, पण नेमापेक्षा वर बसल्या. मी खाली नेम धरून पुढचे सहा बार उडवले आणि ते मध्यावर आले. घोडा न चढवता, केवळ चाप ओढून उडवलेले बार फारच पसरले. तो लांब आणि जड चाप सरळ मागे ओढायला अजून पुष्कळ सराव लागेल.

तिसऱ्या फेरीत एक घोटाळा झाला. मी रिव्हॉल्व्हर नळी खाली धरून सावकाश उघडले आणि एक पुंगळी चांदणीच्या पाकळीवरून घसरून तिच्या खाली घरात पडली. चांदणी परत बसेना आणि रिव्हॉल्व्हर ना उघडे ना बंद. चांदणी बोटाने वर धरून पेन्सिलीच्या टोकाने ती पुंगळी बाहेर काढावी लागली. वेब्ली उघडायचे ते नळी आभाळाकडे ठेवून आणि एका झटक्यात, हे जुने लोक सांगत असत. आता माझे हातही ते जाणतात.

माझ्या संग्रहातले प्रत्येक शस्त्र मी चालवत नाही. सैनिकी बनावटीचे एक लुगर पिस्तूल आहे, ज्याच्या लहान भागांवरही क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे कोरलेले आणि जुळते आहेत. त्याचा एखादा भाग मोडला तर बदली भाग मिळेल, पण ते दोन आकडे मिळणार नाहीत, म्हणून ते पेटीतच राहते. वेब्लीच्या बाबतीत छाटलेल्या सिलिंडरने हा प्रश्न सोडवून टाकला आहे.

पहिल्या सत्रानंतर मी त्या संग्राहकाच्या कुटुंबाला पत्र पाठवून सिलिंडरविषयी विचारले होते. उत्तर त्यांच्या मुलाकडून आले आणि सोबत एक लहान पत्र्याची डबी. वडिलांच्या टेबलाच्या खणात ती सापडली, आपल्याला उपयोग नाही, तुम्ही ठेवा, असे त्यांनी लिहिले होते. डबीत सात अर्धचंद्राकृती क्लिप होत्या, थोड्या गंजलेल्या, आणि .४५ एसीपीच्या तीन रिकाम्या पुंगळ्या, बुडावर लष्करी कारखान्याच्या ठशाच्या. कडीतली ती सूक्ष्म हालचाल कुठून आली हे मला तेव्हा कळले.

त्या तीन पुंगळ्या मी एका क्लिपमध्ये दाबून बसवल्या आणि सिलिंडरमध्ये ठेवल्या. रिव्हॉल्व्हर बंद करून, नळी वर करून हलवले. आवाज आला नाही. क्लिपच्या मागे फीलर गेजचे सर्वांत पातळ पातेच काय ते शिरले. ज्याने कोणी ते सिलिंडर छाटले, त्याने क्लिपची जाडी काळजीपूर्वक मोजली होती आणि लेथवरचा हात त्याचा पक्का होता. नळीवरचे ‘६ टन’ तेवढे त्याने वाचले नव्हते.